एका गाईडसाठी मुंबई

'गाईड' हा शब्द आमच्या शिक्षकखोलीत चांगल्या अर्थाने घेतला जात नाही. गाईड म्हणजे धड्याखालच्या प्रश्नांची तयार उत्तरं, म्हणजे डोकं न चालवता मिळवलेले मार्क. वीस वर्षं मी मुलांच्या दप्तरातून गाईडं काढून टेबलाच्या खणात टाकत आले. आणि गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, भाच्याला बरोबर घेऊन मी चिपळूणहून रात्रीच्या कोकणकन्येत बसले ती एका गाईडच्याच शोधात.

भाचा कंप्युटर दुरुस्त करतो. हे काम त्याला कुठल्या क्लासने शिकवलं नाही, वाशिष्ठीने शिकवलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा तो बारावी होऊन घरी बसला होता. पाणी ओसरल्यावर दुकानदारांनी चिखलाने भरलेले सीपीयू रस्त्याच्या कडेला आणून ठेवले. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, 'गेलं सगळं.' हा पोरगा एका ओळखीच्या मेकॅनिकबरोबर ते डबे उघडत बसला. मदरबोर्ड ब्रशने घासायचे, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवायचे, दिवसचे दिवस वाळवायचे, आणि पूर्ण सुकल्याची खात्री होईपर्यंत वीज द्यायची नाही. दहांतले दोन-तीन जगले. पण एका फोटो स्टुडिओच्या हार्डडिस्कमधले निकाहांचे फोटो परत मिळाले, तेव्हा त्या स्टुडिओवाल्याने याला मिठी मारली. त्या दिवसापासून याला दुसरं काही सुचत नाही.

हात चांगला आहे, पण कागद नाही. दोहाला असलेल्या त्याच्या थोरल्या भावाने कळवलं की हेल्पडेस्कच्या, सपोर्टच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत 'ए प्लस' असेल तर प्राधान्य, असं लिहितात. ए प्लस म्हणजे कॉम्पटिया या अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्र. कंप्युटर, लॅपटॉप, प्रिंटर, नेटवर्क यांच्या जोडणीदुरुस्तीची ती पहिली पायरी समजली जाते. पेपर दोन, दोन्ही इंग्रजीत. प्रत्येकी नव्वद मिनिटं आणि जास्तीत जास्त नव्वद प्रश्न. गुण १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर. पहिल्या पेपरला ६७५ लागतात, दुसऱ्याला ७००. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण. फी दोन्ही पेपरांची वेगवेगळी आणि चांगली हजारांत. माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या अम्मीने, शिवणकामाच्या पैशांतून लावलेली भिशी उचलली आणि पहिल्या पेपरची फी भरली.

जुलैमध्ये तो पेपर गेला. ६१८.

इथे मला कबुली द्यायची आहे. तो ज्या पुस्तकावरून शिकला ते पुस्तक मी आणलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईला एका लग्नाला गेले असताना हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर मला ते दिसलं. जाडजूड, स्वच्छ, आतली पानं कोरी. साडेतीनशे रुपये. अमुक इतकं जाड पुस्तक इतक्या स्वस्तात मिळालं याचा मला कोण आनंद! मुखपृष्ठावर २२०-१००१ असा काहीसा आकडा होता. मला वाटलं पुस्तकाचा अनुक्रमांक असेल.

तो परीक्षेचा क्रमांक होता. ही परीक्षा साधारण तीन वर्षांनी बदलते आणि प्रत्येक वेळी तिचा क्रमांक बदलतो. १००१ ही मालिका २०१९ ची, २०२२ मध्ये बंद झालेली. माझ्या भाच्याने दिलेली परीक्षा ११०१ ची. आतल्या प्रश्नांबद्दल बाहेर बोलणार नाही अशी कबुली परीक्षार्थींकडून घेतात, म्हणून त्याने मला एकही प्रश्न सांगितला नाही. एवढंच म्हणाला, "खाला, पुस्तक आणि पेपर एकमेकांना ओळखतच नव्हते." माझ्यावर राग काढला असता तर बरं वाटलं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ११०१ सुद्धा बंद झाली. आता चालू आहेत २२०-१२०१ आणि २२०-१२०२. दोन्ही पेपर एकाच मालिकेतले लागतात, एक जुना आणि एक नवा असं जमत नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घरबसल्या मागवता आलं असतं, हे मला कळतं. पण एकदा न बघता पैसे घालवले होते. या वेळी पुस्तक हातात घेऊन, उघडून, ज्याला वाचायचंय त्याला वाचायला लावून मगच घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. शिवाय भाच्याला लॅमिंग्टन रोडवरून थोडं सामानही घ्यायचं होतं.

पहाटे सीएसएमटीला उतरलो. बायकांच्या प्रतीक्षालयात मी फजर पढले, तो बाहेरच्या एका मशिदीत जाऊन आला. मग चहा-ब्रून मस्का, आणि दुकानं उघडेपर्यंत वेळच वेळ. त्या वेळात आम्ही जे केलं ते खरं तर जुलैच्या आधी करायला हवं होतं. कॉम्पटिया आपल्या साइटवर प्रत्येक परीक्षेच्या उद्दिष्टांची यादी फुकट देते. कुठला विषय, त्यातले मुद्दे, कशाला किती टक्के वजन. आम्ही बी.एड.ला संविधान तक्ता शिकलो होतो, तोच प्रकार. ती यादी छापून आणली होती. १२०१ च्या पेपरात मोबाइल उपकरणं १३ टक्के, नेटवर्किंग २३, हार्डवेअर २५, व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाउड ११, आणि हार्डवेअर-नेटवर्कमधले बिघाड शोधणं २८. मी लाल पेनाने आकडे गोल केले आणि त्याला विचारलं, "यातलं तुला हाताने काय येतं?" त्याने हार्डवेअरवर आणि बिघाडावर खूण केली. म्हणजे निम्म्याहून अधिक. क्लाउडवर मात्र बोट ठेवून म्हणाला, "हे आमच्या चिपळूणात पाऊस पडायच्या आधी येतं तेवढंच माहीत आहे."

दहानंतर फुटपाथकडे गेलो. हुतात्मा चौकातली पुस्तकांची पूर्वीची लांबच लांब रांग आता नाही, थोडे विक्रेते उरलेत. माझ्या त्या पुस्तकाचे सख्खे भाऊ तिथे होतेच. ९०१ चं एक, १००१ ची दोन, ११०१ चं एक. सगळी धडधाकट. या पुस्तकांचं असंच असतं. कथा-कादंबरी जुनी झाली की तिची किंमत वाढते, आणि हे पुस्तक नवंकोरं असतानाच एके दिवशी मरतं. आता मी कणीस निवडावं तसं आधी कोपऱ्यातला क्रमांक बघत होते. आणखी एक गोष्ट भाच्याने दाखवली. या पुस्तकांबरोबर ऑनलाइन सराव परीक्षेचा संकेत असतो. जुन्या पुस्तकातला तो आधीच्या मालकाने वापरलेला असला तर आपल्या हाती फक्त कागद राहतो. परीक्षेत काही प्रश्न पर्याय निवडण्याचे नसून पडद्यावर काम करून दाखवायचे असतात, तारा जोडा, सेटिंग लावा असे. त्यांचा सराव नुसत्या कागदावर कसा होणार?

तिथून फोर्टातल्याच एका तांत्रिक पुस्तकांच्या दुकानात गेलो. अरुंद दुकान, छतापर्यंत पुस्तकं, आणि शिडीवर चढलेला एक मुलगा. ए प्लस म्हटल्याबरोबर काउंटरवर चार पुस्तकं आली. माईक मायर्स यांच्या नावाने निघणारं 'ऑल-इन-वन', हजारावर पानं. सायबेक्सचं 'कम्प्लीट स्टडी गाईड', तेही जाड, पण आखीवरेखीव. 'एक्झाम क्रॅम', त्या दोघांच्या मानाने बारीक. आणि चौथं ११०१-११०२ चं जुनं गाईड, जे मालक निम्म्याहून कमी किमतीत द्यायला तयार होते. "मॅडम, ऐंशी टक्के तेच आहे. उरलेलं यूट्यूबवर बघेल."

माझा हात मायर्सकडे गेला, जाडीला भुलून. भाच्याचा क्रॅमकडे, बारीक म्हणून. आणि दोघांच्याही मनाचा एक कोपरा त्या स्वस्त पुस्तकाकडे. मालकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लागोपाठच्या दोन मालिकांत पुष्कळ भाग सारखा असतो. पण कुठला भाग सारखा नाही, हे ओळखायला आधी दोन्ही यावे लागतात. शिकणाऱ्याने ते कसं ओळखायचं? मी "संध्याकाळी येतो" म्हटलं. मालकांच्या चेहऱ्यावर, असं म्हणून गेलेल्या गिऱ्हाइकांबद्दलचा वर्षानुवर्षांचा अनुभव उमटला.

लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनकडून गेलो. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या जिभेवरून जात नाही. माझ्या वालिदांच्या तोंडी हा रस्ता सिनेमांचा होता. मिनर्व्हा इथेच होतं, जिथे १९७५ पासून 'शोले' पाच वर्षं चालला. आता सिनेमाचं कुणी नाव काढत नाही. फुटपाथवर पाऊल ठेवलं की चारी बाजूंनी सुरू होतं, "मॅडम, सीसीटीव्ही? लॅपटॉप? प्रिंटर? क्या चाहिए?" बुरख्यातली बाई आणि हातात छापील यादी, हे दृश्य त्यांना नवीन असावं. एकाने यादी बघून मला कुठल्या तरी कार्यालयाची खरेदी अधिकारी समजून खुर्ची दिली.

भाच्याने दोन एसएमपीएस, थर्मल पेस्ट आणि स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच घेतला. मग चिपळूणच्या त्याच्या मेकॅनिकने ज्यांचा पत्ता दिला होता त्या उस्तादांकडे गेलो. जुन्या इमारतीचा पहिला मजला, लाकडी जिना, आणि खाटेएवढ्या जागेत तीन माणसं. सूक्ष्मदर्शकाखाली लॅपटॉपचा बोर्ड, हॉट एअर गनचा वास, भिंतीवर निकामी बोर्डांची माळ. उस्ताद साठीचे. प्रमाणपत्र एकही नाही.

आम्ही कशासाठी आलोय ते मी सांगत होते तेवढ्यात एक गिऱ्हाईक बंद लॅपटॉप घेऊन आलं. भाच्याची बोटं मला दिसत होती. मनातल्या मनात त्याने मागचे स्क्रू काढलेसुद्धा. उस्तादांनी यंत्राला हात लावला नाही. विचारलं, "कल क्या किया था?" काही नाही. "चार्जर आपका ही है?" हो. थोडं थांबून, "घर का या ऑफिस का?" मग निघालं की घरचा चार्जर बिघडल्याने दोन दिवस शेजाऱ्याचा लावला होता. उस्तादांनी मल्टिमीटर काढला तो त्यानंतर. आणि काम झाल्यावर एका मळक्या वहीत तारीख, बिघाड आणि उपाय अशी ओळ लिहिली. ती वही बहुधा त्यांच्या दुकानातली सर्वांत महाग वस्तू असावी.

माझ्या हातातल्या यादीत नेमकं हेच छापलेलं होतं. बिघाड शोधण्याच्या सहा पायऱ्या. आधी विचारपूस करून तक्रार नीट ओळखायची, मग कारणाचा अंदाज, अंदाजाची चाचणी, उपायाची आखणी करून तो अमलात आणणं, सगळं नीट चालतंय ना याची खात्री आणि पुन्हा होऊ नये म्हणून तजवीज, आणि शेवटी नोंद. मधल्या चार पायऱ्या माझ्या भाच्याला झोपेत येतात. पहिली आणि शेवटची तो कधीच करत नाही. वर्गात गणित सोडवणारी हुशार मुलं अशीच असतात, उदाहरण पूर्ण वाचत नाहीत आणि ताळा करत नाहीत.

मी उस्तादांना थेट विचारलं, कुठलं पुस्तक घेऊ? ते हसले. म्हणाले, "बाजी, किताब मैं ने पढ़ी नहीं, क्या बताऊँ." मग भाच्याकडे वळून त्यांनी सांगितलं, की तू हाताने नीट केलेला एक बिघाड आठव. प्रत्येक पुस्तकात तो शोध. पुस्तकाने तुला ठाऊक होतं तेवढंच सांगितलं तर ठेवून दे. काहीच कळलं नाही तरी ठेवून दे. जे पुस्तक वाचून 'अरे, हे मला सुचलं नव्हतं' असं वाटेल ते घे.

वीस वर्षांत पुस्तक निवडायची याहून चांगली रीत मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकली नाही.

जिना उतरताना एक जण मागून आला. ए प्लसचं बोलणं त्याने ऐकलं असावं. खालच्या आवाजात म्हणाला, पेन ड्राइव्ह आहे, परीक्षेचे पक्के प्रश्न-उत्तरं, पुस्तकाची गरजच नाही. किंमतही फार नव्हती. या चोरीच्या प्रश्नसंचांना 'डंप' म्हणतात. पकडलं गेल्यास प्रमाणपत्र रद्द होतं, हे मला माहीत होतं, पण मी गप्प राहिले. मला बघायचं होतं. भाचा काही क्षण थांबला, खोटं कशाला सांगू, थांबलाच. ६१८ त्याच्या डोळ्यांसमोर असणार. मग म्हणाला, "नको भाई. उद्या दोहात बंद पडलेला सर्व्हर समोर आला तर पेन ड्राइव्ह कुणाला विचारू?" आणि भराभर खाली उतरला. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. तसं बोलायची सवय आहे मला, पण आवरलं.

साडेचारला पुन्हा फोर्टात. आम्ही खरंच परत आलो, याचंच मालकांना नवल. त्यांनी चहा मागवला. भाच्याने बिघाड निवडला, लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. पुरानंतर असे त्याने कितीतरी पाहिले होते. रॅम काढून पुसून बसवायची, बाहेरचा मॉनिटर जोडून बघायचा. क्रॅममध्ये दोन-चार ओळी मिळाल्या, ज्याला येतं त्याला आठवण करून देण्यापुरत्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे पुस्तक सोनं आहे, पण यावरून शिकता येणार नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. मायर्सचं पान त्याने वाचायला घेतलं. लेखक मित्राशी गप्पा माराव्या तसा लिहितो, थट्टाही करतो. ज्यांचं इंग्रजी सराईत आहे त्यांना हे पुस्तक हातातून सोडवणार नाही. पण दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेल्या माझ्या भाच्याला बिघाड कळत होता आणि थट्टा कळत नव्हती. एका वाक्यावर तो तीनदा अडला. ते वाक्य कंप्युटरबद्दल नव्हतंच.

सायबेक्सचं पुस्तक त्या मानाने कोरडं. यादीतल्या मुद्द्यांच्या क्रमाशी बरंचसं जुळणारं, छोटी वाक्यं, प्रकरणाच्या शेवटी प्रश्न. मी त्याला एक पान वाचून आपल्या बोलीत सांगायला लावलं. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. लाजत लाजत त्याने सांगितलं, आणि मध्येच थांबला. "खाला, पडद्याच्या मागचा उजेडच गेला असेल तर बॅटरीचा झोत तिरका मारून चित्र पुसट दिसतं का बघायचं. दिसलं तर पडदा ठीक, बॅकलाइट गेला." मग स्वतःशीच, "मी दोन पडदे उगाच बदलले."

मी पर्स उघडली. मालकांनी जुनं गाईड मुकाट्याने शिडीवरच्या मुलाकडे परत दिलं. पैसे देण्याआधी यादी काढून अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने खुणा केल्या, क्रमांक १२०१ आहे याची दोघांनी दोनदा खात्री केली. व्हिडिओसाठी भाच्याने प्रोफेसर मेसर नावाच्या अमेरिकन शिक्षकाचं चॅनेल आधीच शोधलं होतं. सगळा अभ्यासक्रम यादीच्या क्रमाने, फुकट. वेग कमी करून ऐकलं की बोलणं समजतं, असं तो म्हणतो.

गाडी रात्री अकरानंतरची. मधल्या वेळात जे.जे. हॉस्पिटलजवळच्या प्रिन्सेस बिल्डिंगमध्ये मकतबा जामियाला जाऊन आलो. मुंबईला आले आणि तिथे गेले नाही असं माझं होत नाही. आपल्या जबानीत या परीक्षेचं काही मिळेल का, अशी वेडी आशा होती. नाही मिळालं. मराठीतही दिवसभरात दिसलं नाही. मुलांसाठी गोष्टींची चार पुस्तकं घेतली, आणि बाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक दोनशे पानी रजिस्टर.

ते रजिस्टर आता त्याच्या टेबलावर असतं. डाव्या पानावर पुस्तकातला शब्द आणि त्याचा अर्थ, कधी उर्दूत, कधी मराठीत, जसा सुचेल तसा. उजव्या पानावर त्या दिवशी दुकानात आलेल्या यंत्राची नोंद. गिऱ्हाइकाला काय विचारलं, तो काय म्हणाला. क्लाउडच्या प्रकरणाला तो अजून पोचलेला नाही. ऑनलाइन घरून पेपर देता येतो, पण आमच्याकडच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून केंद्रावरच जायचं ठरलंय. रमजानच्या आधी पहिला पेपर द्यायचा त्याचा विचार आहे. बहिणीने नवी भिशी लावली आहे, तिचा नंबर फेब्रुवारीत लागतो.

आणि ते साडेतीनशेचं पुस्तक मी शाळेत नेलंय. टेबलाच्या खणात, मुलांच्या गाईडांबरोबर.